मिटलेली भिंत आणि वर्ज्य पाणी : फिजीची प्रवाळे पाहायला जाणाऱ्यांसाठी

भिंत बंद होती.

सोमोसोमो सामुद्रधुनीतल्या ‘रेनबो रीफ’वर ‘ग्रेट व्हाइट वॉल’ नावाची जी जागा आहे, तिच्यासाठी आम्ही दोघे भावंडे गेल्या ऑगस्टमध्ये सिंगापूरमार्गे फिजीला आणि तिथून बस, फेरीबोट, पुन्हा बस आणि पुन्हा बोट असे करत तावेउनी बेटापर्यंत गेलो होतो. दहाएक मीटर खोलीवर खडकातल्या बोगद्यात शिरायचे, पंचवीस मीटरच्या आसपास बाहेर पडायचे आणि समोर बर्फ साचल्यासारखा पांढरा कडा पाहायचा, असे या बुडीचे वर्णन सगळे करतात. आम्ही बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा समोर मळकट तपकिरी कातळ होता आणि त्याला, मंडई उठल्यावर टोपलीच्या तळाशी राहिलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे काहीतरी चिकटून लोंबत होते. दादाने टॉर्च मारला. एका गड्ड्याच्या टोकाशी फिकट जांभळी झाक दिसली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की हे मेलेले नाही, मिटलेले आहे.

मऊ प्रवाळांना दगडी प्रवाळांसारखा चुन्याचा भक्कम सांगाडा नसतो. ती अंगात पाणी भरून घेऊन फुगतात आणि पाण्याला ओढ असते तेव्हा आपली बारीक तोंडे उघडून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात. ओढ थांबली की पाणी सोडून आक्रसतात. त्यामुळे ही भिंत भरती किंवा ओहोटी अंगात असतानाच पाहायची असते, आणि आमच्या बुडी-केंद्राला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. योग्य वेळेला त्यांनी आगाऊ पैसे भरलेला एक मोठा गट नेला आणि आम्हा दोघा सुट्या गिऱ्हाइकांना पाणी थांबल्यावर, ‘आज समुद्र अगदी शांत आहे, तुमचे नशीब’ असे सांगून नेले. आमचे आजोळ मालवणजवळचे. उधाण आणि भांग हे शब्द आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो, दोन्ही मामा रापणीला जात, आणि तरीही आम्ही दोघांनी होडीत पाय ठेवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिले नाही. फिजीत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटर-दीड मीटरचा असतो, आपल्याकडच्या तुलनेत अगदीच किरकोळ, म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही. पण तेवढेच पाणी दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेने जाते तेव्हा पोहणाऱ्याला मागे ढकलण्याइतका जोर धरते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

आता बिलाविषयी. दोन बुड्यांचे माणशी २९० फिजी डॉलर ठरले होते, आणि आमच्या वेळी एक फिजी डॉलर ३८ रुपयांच्या आसपास पडत होता. हातात आलेल्या कागदावर इंधनाचे ४०, साहित्याचे ४५, ‘रीफ फी’ म्हणून २५ आणि कार्ड वापरल्याबद्दल १५ असे मिळून ४१५ डॉलर झाले होते. मुखवटा, पायांतले पंख आणि पोशाख आमचे स्वतःचे होते. टाकी आणि शिसे ही तर बुडीच्या भावातच धरली जातात. साहित्याचे पैसे मी अर्धा तास वाद घालून कमी करून घेतले. ‘रीफ फी’ कोणत्या गावाला जाते, या प्रश्नावर ‘समुद्र सगळ्यांचाच आहे’ असे उत्तर मिळाले. फिजीत समुद्र सगळ्यांचा नसतो, हे तोवर आम्हाला पक्के माहीत झाले होते, आणि म्हणून त्या उत्तराचा राग जास्त आला.

तेव्हा सल्ला असा की, पैसे देण्याआधी ‘उद्या किती वाजता पाणी फिरते आणि आपण त्याच्या किती आधी किंवा नंतर उतरणार’ एवढेच विचारावे. ज्याला हे घड्याळाच्या काट्यानिशी सांगता येत नाही, त्याच्याकडे स्वस्तात मिळाले तरी जाऊ नये. एकूण रक्कम, इंधनासह आणि कार्डाच्या आकारासह, लिहून घ्यावी. ‘व्हाइट वॉल’साठी एक दिवस न ठेवता किमान तीन ठेवावेत, कारण वारा, पाणी आणि रविवार या तिघांपैकी एक तरी आडवा येतोच, रविवारी चर्च असते आणि गावे बंद असतात. ज्यांना पंचवीस मीटरवर, ओढीत, हातपाय न मारता एका जागी स्थिर राहता येत नाही त्यांनी ही बुडी करू नये. तिथे खाली तळ नाही, आणि घाबरलेल्या माणसाचा एक पंख जे मोडतो ते उगवायला काही वर्षे जातात. पाण्यावर फुगवून उभी करायची नारिंगी नळी प्रत्येकाकडे स्वतःची असावी. बुडीत दाबाची बाधा झाली तर उपचाराचा दाबकक्ष थेट राजधानी सुवाला आहे, हे लक्षात ठेवून किती खोल जायचे ते ठरवावे.

या प्रकारामुळे माझे डोके इतके तापले होते की त्या रात्री मी वहीत ‘फिजीतली प्रवाळे संपली’ असे लिहून ठेवले. ते चूक होते. पण असाच चुकीचा निष्कर्ष आम्ही आठवडाभर आधी, दुसऱ्या किनाऱ्यावर, एकदा काढला होता.

नान्दीहून सुवाकडे जाणारा दक्षिणेचा रस्ता ‘कोरल कोस्ट’ या नावाने विकला जातो. (फिजीत रोमन अक्षर ‘डी’ लिहितात तिथे ‘न्द’ म्हणायचे, ‘बी’ला ‘म्ब’, ‘सी’ला इंग्रजीतल्या ‘द’सारखा उच्चार आणि ‘क्यू’ला ‘ङ्ग’; हे आधी पाठ केले तर बस चुकणार नाही.) कोरोलेवूच्या पट्ट्यात आम्ही ज्या हॉटेलात उतरलो, तिथल्या माहितीपत्रकावर ‘खोलीच्या दारातून थेट प्रवाळात’ असे छापलेले होते. प्रवाळाचा कट्टा दारात होता, हे खरे. भर ओहोटीला त्या कट्ट्यावर गुडघाभर पाणी होते आणि त्या पाण्यात सार्गासम नावाचे तपकिरी समुद्रशैवाल आमच्या मांड्यांपर्यंत वाढलेले होते. ते बाजूला सारले की खाली मेलेल्या फांद्यांचा चुरा, त्यावर चिखलाची साय, आणि मधूनमधून एखादा छोटा निळा मासा. शंभर पावलांत माझ्या घोट्याला दोन ठिकाणी कापले आणि ती जखम पुढचे नऊ दिवस ओली राहिली. प्रवाळाची जखम चिघळतेच. जाड तळव्यांचे बूट नसतील तर त्या कट्ट्यावर उतरू नये, आणि खरे सांगायचे तर बूट असले तरी हॉटेलासमोरच्या त्या भागात उतरण्यासारखे काही नाही.

हॉटेलातल्या एका माळीबुवांनी हे ऐकले आणि ते हसून म्हणाले की तुम्ही चुकीच्या पाण्यात गेलात, वोतुआ गावाच्या पाण्यात जा. माळीबुवा आमच्याशी फिजी हिंदीत बोलत होते. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणलेल्या साठ हजारांवर मजुरांच्या अवधी-भोजपुरीतून घडलेली ती भाषा आपल्या हिंदीच्या भरवशावर बरीचशी समजते, आणि ‘मछरी’ हा शब्द उच्चारला की मासळीविषयीची कुठलीही माहिती मिळते. वोतुआला जाण्याआधी त्यांनी आम्हाला बाजारातून अर्धा किलो यांगोनाची मुळे घ्यायला लावली. यांगोना म्हणजे मिरीच्याच कुळातले एक झुडूप. त्याच्या मुळांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवून परवानगी मागायची, या रीतीला ‘सेवूसेवू’ म्हणतात. टोपी आणि काळा चष्मा काढायचा, खांदे झाकायचे, गुडघे झाकणारे सुलू नेसायचे, वाटी हातात आली की एकदा टाळी आणि रिकामी झाली की तीनदा. चव चिखलात भिजवलेल्या लवंगेसारखी असते आणि जीभ पाच मिनिटे बधिर होते. ही रीत पर्यटकांसाठी मांडलेला खेळ समजून टाळू नका. ती न करता पाण्यात उतरणे म्हणजे कुणाच्या परसात न विचारता शिरणे आहे.

वोतुआच्या राखीव पाण्याची हद्द दाखवणारे खांब हॉटेलापासून चालत जाण्याइतके जवळ होते. पाणी तेच, लाट तीच, ऊन तेच. खांबांच्या आत शैवाल जवळजवळ नव्हते. हाताच्या बोटांएवढ्या फांद्यांची प्रवाळे दाट लागली होती आणि त्यांच्यातून पोपटमाशांचा एक कळप खडक खरवडत जात होता. कान पाण्याखाली गेले की त्यांच्या दातांचा, कुणी कुरमुरे चावत असल्यासारखा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सगळे रहस्य त्या आवाजात आहे. पोपटमासे, सर्जनमासे आणि ससेमासे दिवसभर शैवाल खातात म्हणून प्रवाळाच्या पिल्लांना बसायला स्वच्छ जागा मिळते. रात्री टॉर्च घेऊन भाल्याने मासे मारणारे लोक आधी झोपलेला पोपटमासा टिपतात, कारण तो हलत नाही. तो गेला की शैवाल वाढते, आणि त्यात हॉटेलांचे व डुकरांच्या गोठ्यांचे सांडपाणी मिसळले की त्याला खतही मिळते.

याच किनाऱ्यावर जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या मार्क हेय आणि डॅनिएल डिक्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेले एक काम २०१४ साली प्रसिद्ध झाले, ते इथे सांगितलेच पाहिजे. त्यांनी माशांच्या पिल्लांना आणि प्रवाळाच्या अळ्यांना राखीव भागातले पाणी आणि शैवालाने भरलेल्या बाहेरच्या भागातले पाणी, असे दोन प्रवाह समोर ठेवून निवडायला दिले. दोघांनीही वासावरून राखीव भागातले पाणी पसंत केले आणि शैवालाच्या वासाचे पाणी टाळले. म्हणजे बिघडलेल्या कट्ट्यावर मासेमारी थांबवली तरी तो आपोआप भरून येईल असे नाही; नव्या पिढीला तिथे यावेसेच वाटत नाही. शैवाल हाताने उपटून काढल्याशिवाय काही ठिकाणी गाडी पुढे सरकत नाही. माझ्या घोट्याला कापले त्या कट्ट्याबद्दल हे वाचल्यावर माझा राग हॉटेलावरून थोडा सरकला, पण माहितीपत्रकावरचा कायम राहिला.

सुवामध्ये एक रात्र पुरे. मात्र सकाळी मासळी बाजारात जाऊन यावे, कारण कट्ट्याची अवस्था तिथे फळीवर मांडलेली असते. दोरीत ओवलेल्या माशांच्या माळा विकायला असतात, आणि त्या माळेत तळहाताएवढेच पोपटमासे असतील तर मोठे कुठे गेले हे विचारावे लागत नाही. आम्ही गेलो तो ऑगस्ट महिना होता. कावाकावा आणि दोनू, म्हणजे आपल्याकडच्या हेकरू किंवा गोबऱ्याच्या जातीचे मासे, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पकडायला आणि विकायला फिजीत बंदी असते, कारण याच काळात ते वर्षानुवर्षे ठरलेल्या खिंडींत एकत्र जमून अंडी घालतात. ती खिंड ज्याला माहीत आहे तो दोन रात्रींत सगळा थवा उचलू शकतो. या जातींतले अनेक मासे तरुणपणी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, त्यामुळे मोठाले मासे उचलले की उरलेल्यांत नरांचाच तुटवडा पडतो.

त्याच संध्याकाळी एका उपाहारगृहात आमच्यापुढे ‘आजचा मासा’ आला. दादाने कल्ल्याजवळचे कातडे उलटून पाहिले, ठिपके मोजल्यासारखे केले आणि ताटली पुढे सरकवली. ‘हेकरू आहे हा,’ तो म्हणाला, ‘मामांनी आपल्याला चार चापट्या मारल्या असत्या.’ आम्ही वाढणाऱ्याला नाव विचारले. तो आधी ‘स्नॅपर’ म्हणाला, मग आत जाऊन आला आणि ‘गोठवलेला, मे महिन्यातला’ असे म्हणाला. मासा गोठवलेला नव्हता, हे सांगायला मालवणचे असण्याचीही गरज नव्हती. बंदीच्या महिन्यांत जाणाऱ्याने सरळ टुना मागावी. ती खोल समुद्रातली असते, तिचा कट्ट्यावर भार नाही, आणि या देशात लेवुकाचा टुनाचा कारखाना १९६०च्या दशकापासून चालू असल्यामुळे ती मिळतेही सगळीकडे. शिवाय मोठा बॅराकुडा आणि मोठा हेकरू खाणे कुठल्याही महिन्यात धोक्याचे आहे. कट्टा मोडला की मेलेल्या प्रवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालातले सिग्वाटॉक्सिन नावाचे विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, ते शिजवून जात नाही, आणि बाधा झालेल्याला थंड पाणी चटका बसल्यासारखे लागते.

समुद्र कुणाचा, हा प्रश्न मला त्या बिलावरून पुन्हा आठवतो, म्हणून तो इथेच मिटवते. समुद्राचा तळ सरकारचा, पण किनाऱ्यापासून कट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मासेमारीचा परंपरागत हक्क मूळ फिजियन कुळांचा. अशा चारशेंहून अधिक नोंदलेल्या हद्दी आहेत आणि अशा हद्दीला ‘गोलींगोली’ म्हणतात. आमच्या टॅक्सीवाल्या भाईंचे वडील मासेमार होते, पण गिरमिटियांच्या वंशजांना त्या हद्दीत विक्रीसाठी जाळे टाकायचे तर परवाना हवा, आणि परवान्याआधी कुळाच्या प्रमुखाची संमती हवी; संमतीसाठी काय काय न्यावे लागे याची यादी भाईंनी सिंगातोकापासून सुवापर्यंत पुरवली. २००६ साली या हद्दींची मालकीच कुळांना देण्याचे विधेयक आले, तेव्हा हॉटेलवाले हादरले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या लष्करी उठावाच्या कारणांत ते विधेयकही होते. मालवणात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा ते आपल्यावर लादले गेले असे मासेमारांना वाटले आणि तो कडवटपणा अजून गेलेला नाही. इथे उलटे घडले. १९९७ साली वेराता भागातल्या उदुनिवानुआ गावाने, दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या लोकांच्या मदतीने, शिंपल्यांचा चोवीस हेक्टरांचा पट्टा तीन वर्षांसाठी स्वतः बंद केला आणि मोजणीही स्वतः शिकून केली. प्रमुख वारला की शंभर रात्री समुद्राचा एक भाग ‘ताम्बू’, म्हणजे वर्ज्य, ठेवायची चाल त्यांच्यात होतीच. तिलाच नवे काम दिले गेले. पुढे शेकडो गावांनी तोच मार्ग धरला.

सुवाहून रात्रीच्या फेरीबोटीने वानुआ लेवू बेटावरच्या सावूसावूला गेलो. तिथले तीन दिवस फार सुखात गेले, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

सावूसावूहून पहाटेच्या बसने नातूवूच्या धक्क्यावर आणि तिथून लहान बोटीने सामुद्रधुनी ओलांडून तावेउनी, हा स्वस्त मार्ग आम्ही निवडला. तो पुन्हा निवडणार नाही. ऑगस्टमध्ये आग्नेयेचा व्यापारी वारा दिवसभर वाहतो, आणि त्या दिवशी पाण्याची ओढ बरोबर वाऱ्याच्या तोंडावर होती. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की लाटा उंच होण्यापेक्षा उभ्या आणि जवळजवळ होतात. बोट एकीवरून उतरते ती थेट दुसरीत. पावणेदोन तास आम्ही ताडपत्रीखाली बसून होतो, माझ्या मांडीवर एका अनोळखी आजींचे तारोच्या कंदांचे पोते होते आणि आजी गाणे म्हणत होत्या. बॅटऱ्या, पासपोर्ट आणि कोरडे कपडे पाणबंद पिशवीत नसतील तर या बोटीत बसू नये. पैसे असतील तर मातेईच्या धावपट्टीवर उतरणारे छोटे विमान घ्यावे. सामानाची मर्यादा कडक असते, तरी घ्यावे.

‘व्हाइट वॉल’च्या फजितीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही तावेउनीच्या पूर्वेला, बोउमा भागातल्या वाईताम्बू गावी गेलो, तेही केवळ दिवस वाया जाऊ नये म्हणून. ‘वाई’ म्हणजे पाणी. गावाचे नावच ‘वर्ज्य पाणी’. १९९८ साली या गावाने आपल्या दारातला कट्टा मासेमारीला बंद केला आणि तेव्हापासून तो बंदच ठेवला आहे. टाकी नाही, खोली नाही, फक्त मुखवटा आणि नळी, आणि सोबत गावातली एक मुलगी, जिने पाण्यात उतरण्याआधी भरतीची वेळ मनगटावर पेनाने लिहून आम्हाला दाखवली. मी तिला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

आम्ही दीड तास पाण्यात होतो. ऑगस्टात पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असते आणि पातळ पोशाखात तासाभराने दात वाजायला लागतात, म्हणून पाच मिलिमीटरचा पोशाख न्यावा. तरीही मला बाहेर यायचे नव्हते. एका घमेल्याएवढ्या शिंपल्यापाशी मी बराच वेळ तरंगत राहिले. त्याच्या ओठांची कड मोरपंखी निळी होती आणि त्या निळ्यावर मोहरीएवढे काळे ठिपके होते, आणि ते त्याचे डोळे. माझी सावली पडली की पूर्ण शिंपला एका झटक्यात अर्धा मिटे, आणि सावली सरकली की इंचाइंचाने उघडे. या कुळातला सर्वांत मोठा शिंपला फिजीतून माणसांनी खाऊन नाहीसा केला होता. पुढे ऑस्ट्रेलियातून आणून तो माकोगाई बेटावरच्या केंद्रात वाढवला गेला, त्याच बेटावर जिथे १९६९ पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत होती. वाईताम्बूत दिसले ते त्याचे लहान भाऊ, पण एवढे मोठे आणि इतक्या उथळ पाण्यात ते टिकले आहेत, याचा अर्थ इथे कुणी चाकू घेऊन येत नाही.

सगळेच छान नव्हते. बाहेरच्या कडेला मोडक्या फांद्यांचे ढीग अजून पडलेले आहेत. २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळ ताशी २८० किलोमीटरच्या वाऱ्यांनी आले आणि देशात ४४ माणसे गेली, तेव्हा समुद्राखालीही मोठी पडझड झाली. त्याआधी २००० साली पाणी तापून प्रवाळे पांढरी पडली होती. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल उन्हाळ्याच्या नेहमीच्या तापमानापेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी बाहेर पडते, आणि गावाने कितीही राखण केली तरी ते थांबत नाही. राखण केल्याने काय होते, तर पोपटमासे शिल्लक असतात आणि मोडलेल्या जागेवर शैवाल बसण्याआधी प्रवाळाला संधी मिळते. राखण सुटली तर काय होते, तेही या देशात मोजून ठेवलेले आहे. उत्तरेच्या कीया बेटावर २००८ साली निधी उभारण्यासाठी वर्ज्य पाणी पाच आठवडे खुले केले गेले, आणि वर्षाने पाहिले तरी मासळी भरून आलेली नव्हती. चर्च, शाळेची फी, मयत, लग्न. गावाला पैसे लागतात ते आपल्याला लागतात तसेच.

म्हणूनच पैशाचा माझा निकाल सरळ आहे. वाईताम्बूत जे पैसे मागितले ते आम्ही न घासाघीस करता दिले, त्यांची शाईने लिहिलेली पावती मिळाली, आणि परतताना बांबूच्या तराफ्यावरून आणून चहाबरोबर तळलेले गोड गोळेही मिळाले. ज्या गावाचे पाणी राखले आहे तिथे थेट त्या गावालाच पैसे द्यावेत, मध्ये हॉटेल किंवा दलाल असेल तर गावाच्या पावतीचा आग्रह धरावा, आणि पावती नसेल तर ‘रीफ फी’ हा शब्द बिलातून काढायला लावावा. कोरल कोस्टला मुक्काम करायचाच असेल तर तो वोतुआसाठी करावा, एक रात्र. तावेउनीला सहा रात्री. हा हिशेब मी थंडीने कुडकुडत, पण फार आनंदात असताना केलेला आहे, त्यामुळे पूर्वेच्या बाजूला एखादा दिवस मी जास्त धरला असेल.

बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, आणि हा नियम आम्ही परतीचे तिकीट काढताना विचारात घेतला नव्हता. शेवटच्या दिवशी, दुपारच्या विमानाआधी, आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कठड्यावर बसलो होतो. या वेळी कोष्टक हातात होते. दहा वाजून गेले होते, पाणी अंगात आले होते आणि सामुद्रधुनीच्या मध्यावर त्याची खवळलेली पट्टी लांबूनही दिसत होती. दादाने दुर्बीण लावली आणि ‘रेनबो रीफ’वर नांगर न टाकता ताटकळत उभ्या असलेल्या होड्या मोजल्या. चार होत्या. त्यांतली पिवळ्या छताची आमच्याच केंद्राची होती.